सैल गाठीची माळ

लातूर जिल्हा सरकारनं केला, असं लोक म्हणतात. लिंबाजीचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते सरकारनं नुसती सही केली. उस्मानाबादेहून जिल्हा उचलून लातूरला आणला तो त्यानं, स्वतःच्या डोक्यावरून. आणि हे अगदीच खोटं नव्हतं. ब्याऐंशी साली जिल्हा वेगळा झाला तेव्हा लाल फडक्यात बांधलेले दफ्तराचे गठ्ठे ट्रकमधून उतरवून नव्या कचेरीत रचायचं काम ज्या चार शिपायांवर आलं, त्यांत लिंबाजी होता. त्या आठवड्यात त्याची मान जी आखडली ती कायमची जराशी डावीकडे कलली.

"ही मान निलंग्यानं गेली," तो सांगायचा. "निलंगा तालुक्याचं रेकॉर्ड लई जड बगा."

त्याच्याबरोबरचा शिपाई केरबा विचारायचा, "अन् उदगीर कुणाच्या डोस्क्यावर होतं?"

"तुज्या. म्हणून तर उदगीरचा एक कागद वेळंवर घावत न्हाई."

जिल्ह्यानं कुणाला काय दिलं ते ज्याचं त्याला ठाऊक. लिंबाजीला त्याचं घर दिलं. वीस वर्षं त्यानं उस्मानाबादेत एका खोलीत हातानं भाकरी थापल्या होत्या. त्या भाकरींना नकाशा म्हणता आलं असतं, भाकरी म्हणणं अवघड होतं. शनिवारी संध्याकाळी रेणापूरला घरी यायचं आणि सोमवारी पहाटेची गाडी धरायची. भामाबाईनं एकटीनं घर सांभाळलं, दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली, एकुलती एक लेक पंचशीला वाढवली आणि शिकवून नांदेडला नर्सिंगच्या कोर्सला घातली. आता रेणापूर ते लातूर एसटीनं रोज ये-जा करता येऊ लागली, तेव्हा भामाबाई आळीत सांगत सुटली, "सरकारनं जिल्ह्यासंगं माजा नवराबी पाठवून दिला."

पहिले काही महिने दोघांची जरा पंचाईतच झाली. वीस वर्षं आठवड्यातून एक दिवस भेटलेली माणसं. रविवारचं बोलणं सात दिवस कसं पुरवायचं? मंगळवारपर्यंत विषय संपायचे. मग ती म्हणायची, "सांगा की कचेरीतलं कायतरी." तो म्हणायचा, "आज सायबांनी दोनदा च्या घेतला." ती म्हणायची, "अगं बया!" आणि दोघं हसत बसायची. चेष्टा कशाची चालली आहे हे त्यांचं त्यांनाच धड ठाऊक नसायचं. पन्नाशीला टेकलेला नवरा आणि पंचेचाळिशीची बायको नव्यानं संसाराला लागली होती, एवढंच.

पंचक्रोशीत मात्र लिंबाजीला शिपाई म्हणून कुणी ओळखत नव्हतं. लिंबाजी म्हणजे माळेवाला. तो काविळीची माळ द्यायचा.

ही विद्या त्याला शिरूर अनंतपाळच्या मामाकडून मिळालेली. घेटुळीच्या ओल्या काड्यांचे दोन-दोन बोटांचे तुकडे करायचे, पांढऱ्या दोऱ्यात एकेक बांधत जायचं आणि मुंडाशाएवढी लहान माळ करून ती रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. कावीळ जसजशी उतरते तसतशी माळ वाढत जाते. आधी कपाळावरून गळ्यात येते, मग छातीवर आणि बेंबीला लागली की कावीळ उतरली. डोळ्यांदेखत वाढणारी माळ पाहून शिकलेली माणसंही हात जोडायची. देणं-घेणं काही नाही. विद्या विकायची नाही ही मामाची शपथ. दुसरी शपथ त्याहून कडक होती. माळ अंगावर आहे तोवर दुसरं औषध नाही, आणि सुई तर नाहीच नाही. ताक-भाकरी खायची, तेल-तिखट बंद, आणि पडून राहायचं.

मामानं एक मंत्रही दिला होता, पण तो देवादिकांचा. छप्पन्न साली बौद्ध झाल्यावर घरात देवच राहिले नाहीत, तर मंत्र कसा राहील? लिंबाजीनं तो सोडून दिला. पण ओठ हलले नाहीत तर रोग्याचं समाधान होईना. लिंबाजीला कचेरीतलं एक पाठ होतं, तेच तो पुटपुटायला लागला. आधी उस्मानाबादेचे तालुके, आणि जिल्हा वेगळा झाल्यावर औसा, अहमदपूर, निलंगा, उदगीर, लातूर. नव्या जिल्ह्याचे पाच तालुके डोळे मिटून सात वेळा म्हटले की माळ घालायची. भामाबाई चुलीपाशी बसून पदर तोंडात कोंबायची.

"हसू नगंस," तो नंतर म्हणायचा. "गुण मंत्रात नसतो. माळंत असतो."

"हाव की," ती म्हणायची. "काड्या मी आणायच्या, गाठी मी मारायच्या, अन् गुण तुमच्या हाताला."

हे खरं होतं. गाठ मारणं लिंबाजीला कधी जमलंच नाही. त्याची बोटं गठ्ठे उचलायला झाली होती. मामाच्या हयातीतच भामाबाईनं ती गाठ उचलली आणि तेव्हापासून प्रत्येक माळ तिच्याच हातची.

जिल्हा होऊन तीन वर्षं झाली आणि पाऊस दगा देऊन गेला. विहिरी तळाला गेल्या, मग टँकर सुरू झाला. टँकरचं पाणी कुठून येतं हे टँकरवाल्यालाही विचारू नये असं होतं. त्या पाण्यानं कावीळ पसरली आणि लिंबाजीच्या दारात रविवारी रांग लागायला लागली. रेणापूरची माणसं, औशाची माणसं, उदगीरकडून कानडी बोलणारी माणसं. आणि गंमत अशी की दुष्काळाच्या त्या वर्षी माळा भलत्याच वेगानं उतरायच्या. एरवी आठ दिवस घेणारी माळ तिसऱ्या दिवशी बेंबीला. लोक म्हणाले, लिंबाजीच्या हाताला आणखी गुण आला. लिंबाजीलाही तसं वाटलं. माणसाला आपल्याबद्दल चांगलं वाटायला फार पुरावा लागत नाही.

माघ संपता संपता आळीत खोकला शिरला. टँकरभोवती घागरी घेऊन माणूस माणसाला खेटून उभं राहायचं. एकाला शिंक आली की चाळीस जणांना मिळायची. घरटी एकजण तापानं पडला, चार दिवसांत उठला. भामाबाई सातव्या दिवशीही उठली नाही. ताप होता, खोकला होता, अंग ठेचून निघाल्यासारखं दुखत होतं. तरी लिंबाजी कचेरीत जात होता, कारण ती म्हणत होती, "जावा. सायबाला च्या कोण देईल?"

आठव्या दिवशी सकाळी उजेडात त्यानं तिचे डोळे पाहिले. पिवळे होते.

खरं सांगायचं तर लिंबाजीला त्या क्षणी हायसं वाटलं. आठ दिवस त्याला कळत नव्हतं की हिला झालंय काय. आता कळलं. कावीळ! जगातला हा एकच रोग त्याला येत होता, आणि मागून घ्यावा तसा नेमका तोच बायकोला झाला होता.

"भामे, घाबरू नगंस. कावीळ हाय."

"मग माळ कोण करंल?" ती म्हणाली.

मग भामाबाई भिंतीला टेकून उठून बसली. त्यानं नाल्याकडून घेटुळी आणून तुकडे केले आणि तिनं मांडीवर दोरा घेतला. एक गाठ, मग खोकल्याची उबळ, मग दुसरी गाठ. मधेच हात छातीवर ठेवून थांबायची. एरवी गप्पा मारत अर्ध्या तासात होणारी माळ त्या दिवशी दुपारपर्यंत चालली. तिनंच ती लिंबाजीच्या हातात दिली आणि डोकं पुढं केलं. लिंबाजीनं डोळे मिटून पाच तालुके सात वेळा म्हटले. या खेपेला भामाबाई हसली नाही. हसायला दम पुरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी माळ गळ्यात आली. तिसऱ्या दिवशी छातीखाली. लिंबाजी कचेरीत केरबाला सांगत होता, "अशी झपाट्यानं उतरायलीय की काय इचारू नगंस. उद्या बेंबीला लागती बग."

"अन् खोकला?"

"खोकला ऱ्हाईल मागून. मुळावर घाव घातला की फांद्या वाळतात."

"दाखव की एकदा डाक्टरला. कचेरीच्या मागंच तर दवाखाना हाय."

लिंबाजीनं असं पाहिलं, की जणू केरबानं उदगीरचे सगळे कागद पुन्हा हरवले. "माळ असताना? सुई?"

घरी त्यानं भामाबाईलाही विचारलं होतं, अगदीच विचारलं नव्हतं असं नाही. ती म्हणाली, "माळेवाल्याची बायकू दवाखान्यात गेली म्हणजे रविवारची माणसं काय म्हणतील तुमाला?" हे तिनं त्याच्यासाठी म्हटलं, आणि त्यानं त्याचा अर्थ तिला बरं वाटतंय असा घेतला.

चौथ्या दिवशी पंचशीला आली. तिला कुणी कळवलं नव्हतं. नांदेडहून सुट्टीला म्हणून आली होती. तिनं उंबऱ्याबाहेरूनच आईचा श्वास ऐकला. पिशवी तिथंच टाकली.

"बाबा, माय कधीपासनं अशी दम घेऊन राहिली?"

"कावीळ हाय, पंचे. उतरली बग, माळ बेंबीला—"

"माळ बघू नका! नाकपुड्या बघा तिच्या! बरगड्या आत ओढतायत, दिसत नाही का तुम्हाला?"

खरोखरच त्याला दिसलं नव्हतं. चार दिवस तो माळेकडे पाहत होता. माळेच्या मागं छाती होती.

दुपारच्या एसटीनं तिला लातूरला नेलं. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं डोळ्यांकडे एकदाच पाहिलं आणि पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिला. सुई दिली, नाकाला ऑक्सिजन लावला, मग लिंबाजीला बाहेर घेतलं.

"किती दिवस दम लागतोय?"

"चार-पाच. पर सायब, कावीळ उतरलीय."

"ही पाण्याची कावीळ नाही," डॉक्टर म्हणाला. "पाण्याच्या काविळीत आधी ताप येतो, डोळे पिवळे झाले की बहुतेकांचा ताप जातो. पडून राहिलं की बरीचशी माणसं आपोआप बरी होतात. यांचं उलटं आहे. यांना आधी खोकल्याचा ताप, विषाणूचा. तो छातीत उतरला, फुप्फुसं भरली. तेवढी मोठी लढाई अंगात चालली की तिची झळ लिव्हरला लागते. कित्येकांचं लिव्हर अशा तापात थोडं सुजतं, कळतही नाही, आपलं आपण ओसरतं. पण डोळे पिवळे होण्याइतकं झालं म्हणजे छातीत फार झालंय असं समजायचं. आग लागली होती छातीत. डोळ्यांत दिसला तो धूर."

"मग काविळीचं औषध?"

"मी लिव्हरला काही देत नाहीये. छातीला देतोय. जरा लवकर आणायला पाहिजे होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर लिंबाजीला सोपं गेलं असतं.

आत भामाबाई उशांना टेकून बसली होती. माळ अजून अंगावर होती, बेंबीपर्यंत लोंबत. नर्सनं ती काढायला घेतली तेव्हा लिंबाजी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. उतरलीय ती. गुणाची हाय."

भामाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग नाकावरची नळी जराशी बाजूला करून, एकेक शब्द वेचून म्हणाली, "ती उतरणारच की ओ. काडी वाळली... की गाठ ढिली व्हती. एकेक काडी जराशी खाली सरती. ऊन जास्त... तर लवकर."

लिंबाजीनं माळेची एक काडी बोटांत धरून पाहिली.

"म्हणून तर... सैल मारायची गाठ. मामांनी दावलं हुतं."

"म्हंजी माळ—"

"तुमाला ठावं न्हाई?" तिच्या पिवळ्या डोळ्यांत खरंखुरं आश्चर्य होतं. "मंत्राचं ठावं हाय तुमाला, तालुके म्हणता... मला वाटलं माळंचंबी ठावं असंल. लोक पडून ऱ्हात्यात, ताक पित्यात... बरी व्हत्यात. माळंनं जीवाला धीर. मला वाटायचं... तुमी समदं जाणूनच करता."

"मग तू का घातलीस, भामे?"

"मी म्हणलं, तुमी म्हणताव कावीळ... तर कावीळच असंल. तुमी कवा चुकलाव का." ती दमली. मग जराशी हसल्यासारखं करून म्हणाली, "ईस वर्सं रविवारीच भेटलो... इचारायचं ऱ्हाऊन गेलं बगा."

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, वॉर्डात डाळ-भात वाटत असताना, भामाबाई गेली. पंचशीला तिच्या उशाशी होती. लिंबाजी खाली पाणी आणायला गेला होता. तो परत आला तेव्हा तांब्या दोन्ही हातांत धरून तसाच दारात उभा राहिला, कुणी घेईल म्हणून.

माती झाल्यावर पाहुणे पांगले. लिंबाजीला घरात एक अर्धवट माळ सापडली, कुणासाठी तरी तिनं आजाराआधी करायला घेतलेली. काड्या वाळून गेल्या होत्या, तशी ती खुंटीवरून पार खाली आली होती. त्यानं बादलीत काड्या भिजवल्या, गाठी मागे सरकवून माळ आखूड केली आणि पुन्हा खुंटीला टांगली. मग समोर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी ती वीतभर उतरली. खुंटीला कावीळ नव्हती.

पंचशीला दाराशी उभी राहून पाहत होती. बाप-लेकीत आठ दिवस कामापुरतं बोलणं होतं. ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

या प्रश्नाला लिंबाजीकडे दोन उत्तरं होती आणि दोन्ही त्याला मान वर करू देणारी नव्हती. माहीत होतं म्हणावं तर वीस वर्षं लोकांना फसवलं. नव्हतं म्हणावं तर वीस वर्षं स्वतः फसला, आणि शेवटची फसगत बायकोच्या जिवावर बेतली.

"न्हाई माहीत," तो म्हणाला. "ठावं असतं तर पयल्या दिशीच दवाखान्यात नेलं असतं गं तिला."

पंचशीलाला रागावायचं होतं. आठ दिवस ती त्याचीच तयारी करत होती. पण ती खाली बसली आणि बापाच्या कललेल्या मानेला कपाळ लावून रडली. लिंबाजी तिच्या पाठीवर थापटत राहिला, गठ्ठे थापटून सरळ करतात तसं. त्याला दुसरं थापटणं येत नव्हतं.

रविवारी माणसं येतच राहिली. लिंबाजी प्रत्येकाला सांगायचा, माळ बंद, आधी दवाखान्यात जा. लोकांना हे पटेना. काही म्हणाले, बायको गेली, माणूस खचला. काही म्हणाले, सुतकात विद्या विटाळली. बहुतेक जण म्हणाले, हाताचा गुण गेला, आणि चार कोसांवरच्या दुसऱ्या माळेवाल्याकडे वळले. त्याच्या माळाही झपाट्यानं उतरत होत्या. ऊन सगळ्यांना सारखंच होतं. केरबा एकदा म्हणाला, "लिंबाजी, खरं कळलं तवापासनं तुजं कुणी ऐकंना झालंय की रं." लिंबाजी म्हणाला, "आधी ऐकत हुते तवा मलाच कुठं काय कळत हुतं."

चैत्रात उदगीरहून शरणप्पा नावाचा आडतीवरचा हमाल बायकोला घेऊन आला. रत्नम्मा तिचं नाव. डोळे पिवळे, तोंड सुकलेलं. शरणप्पा दोन एसट्या बदलून आला होता, आणि नाही ऐकायला आला नव्हता.

"माळ घाला, अण्णा. लई नाव ऐकून आलाव."

"खोकला हाय का हिला?"

"कावीळ हाय म्हणालोय, खोकल्याचं कशाला इचारता?"

"हाय का न्हाई?"

"हाय जरासा. सगळ्यांनाच हाय."

लिंबाजी उठला. "अव्वा, इथनं त्या लिंबापस्तोर चालून दाव."

रत्नम्मा चालली. परत आली तेव्हा तोंडानं श्वास घेत होती. शरणप्पा चिडला, "जत्रेतलं जनावर बगायलाव का? मंत्र येतो तर म्हणा, न्हाईतर तसं सांगा!"

"मंत्र मला येतो," लिंबाजी म्हणाला. "गाठ येत न्हाई. गाठ मारणारी गेली माजी."

रत्नम्मानं ओट्यावर बसूनच हात जोडले. "एक माळ असती तर मनाला बरं वाटलं असतं, अण्णा."

लिंबाजी आत गेला, कोट घातला, पंचशीलानं नांदेडहून आणलेली गरम शाल घेतली आणि ती रत्नम्माच्या खांद्यावर घातली. "चल. दीडची गाडी हाय. मी येतो संगं. रांगंत उभा मी ऱ्हातो, तू निसती बस."

शरणप्पा बडबडत राहिला, पण आला. एसटीत रत्नम्मा खिडकीशी बसली, शरणप्पा पलीकडे आणि लिंबाजी तिच्या पुढच्या सीटवर, उलटा वळून. मान डावीकडे कललेली असल्यानं त्याला वळून बसणं सोपं जायचं. गाडी खडखडत होती, लोक बोलत होते, कंडक्टर तिकिटं फाडत होता. लिंबाजी तिच्या डोळ्यांकडे पाहत नव्हता.

"काय बगायलाव हो एवढं?" शरणप्पानं विचारलं.

"बगत न्हाई," लिंबाजी म्हणाला. "ऐकायलोय. जरा गप ऱ्हावा."

शरणप्पा गप्प झाला. लातूर येईपर्यंत लिंबाजी एकेक श्वास आत जाताना आणि बाहेर येताना ऐकत बसला.